श्रीरंगच्या पिंपातली बाटली

“ग्रेस मार्क नकोत हं बाई. एकसुद्धा नको.”

चहाच्या कपाला हात लावायच्या आधी म्हातारा हे बोलला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मांडीवर कापडी पिशवी, ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. एसटीत कुणी ओढून नेईल ही भीती अजून उतरली नसावी.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नाशिकजवळच्या एका वायनरीत चाखणीच्या खोलीची प्रमुख होते. प्रमुख कसली, खोलीत मी एकटीच! चाखायचं मी, आणि वाईन करण्यातही माझा हात असायचा. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, उत्तरेकडची एक खिडकी आणि नियम असे की माणसं आपोआप लांब राहावीत. अत्तर नको, गजरा नको, खोबरेल नको, डब्याला लसणाच्या फोडणीचा वास नको. बाकीचे कँटीनमध्ये एकमेकांच्या भाज्या वाटून खायचे, मी माझा बिनफोडणीचा वरणभात घेऊन कोपऱ्यात बसायचे. माझ्यामागे मला ‘नाकवाली’ म्हणायचे. म्हणोत बापडे. तेहतीस वर्षांची होते, भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. संध्याकाळी आधी कुलूप उघडायचं, मग दिवा लावायचा, याची इतकी सवय झाली होती, की त्याचं वाईट वाटतं हेसुद्धा विसरायला झालं होतं.

त्या दिवशी सकाळी दहाला गेटवरून फोन आला. संगमनेरचे कुणी खरवंडीकर सर आलेत, दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नाहीत, जी चाखते तीच बाई पाहिजे म्हणतात. मी वैतागले होते. पण माणूस समोर येऊन बसला आणि वैतागायचं राहून गेलं.

“मी गणिताचा शिक्षक,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं शिकवलं. बोर्डाचे पेपर तपासले. शेवटची अकरा वर्षं मॉडरेटर होतो, म्हणजे तपासणाऱ्यांना तपासायचो.”

“बरं, सर.”

“हे सांगितलं अशासाठी, की मला थाप कळते.”

मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली. हिरव्या खणात गुंडाळलेली होती. खण नवाकोरा, गाठी मात्र इतक्या की त्या एकेक करून सोडवत बसले. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी पाहिलाच नाही.

काळ्या काचेची बाटली. छापील लेबल नव्हतं. पांढऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली, तिच्यावर स्पॅनिशमध्ये पिंपाचा नंबर आणि साल, आणि त्याखाली देवनागरीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात: ‘आई, दहा वर्षं उघडू नको.’

मी स्पेनच्या शेकड्यांनी बाटल्या हाताळल्या होत्या. अशी कधी पाहिली नव्हती.

“माझा मुलगा. श्रीरंग,” सर म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांनी फळ्यावर गणित मांडावं तसं, पायरी पायरीने सांगितलं. मुलगा शेतीचं पुढचं शिक्षण घ्यायला स्पेनला गेला. तिथे एका छोट्या वायनरीत शिकाऊ म्हणून लागला आणि शिक्षण सोडून तिथलाच झाला. तिसऱ्या वर्षी तिथल्या मुख्य कारागिराने त्याला एक पिंप दिलं. ओकचं, म्हणजे त्यांच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाचं. हे तुझं, म्हणाला, द्राक्षं निवडण्यापासून बाटली भरेपर्यंत सगळं तूच करायचं, मी बोटसुद्धा लावणार नाही. दोन वर्षं वाईन त्या पिंपात राहिली. त्यातली पहिली बाटली श्रीरंगने स्वतःच्या हाताने भरली आणि आईसाठी पाठवून दिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळच्या धुक्यात, मोटारसायकलचा अपघात. सत्तावीस वर्षांचा होता.

“बाकीचं पिंप?” मी विचारलं.

“त्यांनी आपल्या वाईनमध्ये मिसळून टाकलं. धंदा आहे, ठेवून काय करतील. त्याची म्हणून ही एवढीच राहिली.”

“तिथल्या लोकांना विचारलंत? कशी झाली होती म्हणून?”

“पत्र आलं होतं त्यांचं. फार गुणी मुलगा, हात चांगला होता वगैरे.” त्यांनी हात झटकला. “गेलेल्या माणसाबद्दल असंच लिहितात हो. ते काही पुराव्यात धरता येत नाही.”

“मग आता एवढ्या वर्षांनी...”

“दहा वर्षं झाली म्हणून. त्यानेच लिहिलंय.” ते खाली बघत म्हणाले, “आणि शेवटचा फोन होता आमचा, तेव्हा मी त्याला म्हटलं, दारू गाळायला नव्हतं पाठवलं तुला. आयुष्य मातीत घातलंस. त्यानंतर आठ महिने तो फक्त आईशी बोलला. मी शेजारी बसून ऐकायचो. रिसीव्हर मागितला नाही. त्यानेही ‘बाबांना दे’ म्हटलं नाही. मला एवढंच कळायला हवंय बाई, मी म्हटलं ते खरं होतं की खोटं. त्याला हे जमत होतं की नव्हतं.”

“आणि नव्हतं जमत, असं निघालं तर?”

“तर मी बरोबर होतो,” सर म्हणाले. आपण बरोबर ठरू याची एवढी धास्ती घेतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी बाटली उजेडात धरली आणि लक्षण काही बरं दिसेना. बूच गळ्यातून दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं, आणि त्याच्या कडेने वाईन पाझरून वाळल्याचा काळा ओघळ. बूच काढायला गेले तर त्याचा भुगा झाला. गाळून ग्लासात ओतली.

स्पेनची ही जातच दांडगी. टेम्प्रानिलो नावाचं काळं, जाड सालीचं द्राक्ष, वर दोन वर्षं ओकचं पिंप. तरुणपणी ती नुसती अंगावर येते. जीभ तुरटून जाते, घशात ऊब उतरते. पण नीट सांभाळली तर दहा वर्षांत तिचा हट्टीपणा मावळतो, आणि जांभूळ, लवंग, तंबाखूचं सुकं पान, लाकडाकडून आलेलं सुक्या खोबऱ्याचं गोडसर काहीतरी, असं सगळं एकमेकांना धक्का न लावता एका घोटात बसतं. रंग तेव्हाही गडद असतो.

माझ्या ग्लासातला रंग विटकरी होता. कडेला तर पार कोऱ्या चहासारखा. नाक घातलं: जळका गूळ, शिजून लगदा झालेल्या मनुका, आणि मागून व्हिनेगरची आंबट चुणूक. एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि पिकदाणीत थुंकले.

“आवडली नाही?” सर खुर्चीतून अर्धे उठलेच.

“तसं नाही सर. आम्ही गिळत नाही. दिवसाला चाळीस चाखायच्या असतात, गिळल्या तर घरी कोण नेईल?”

“असं होय!” ते हायसं वाटून खाली बसले. “मग? कशी आहे?”

“दहा मिनिटं द्या. एवढी वर्षं कोंडून होती, जरा वारा लागू दे तिला.”

ते खोटं नव्हतं. पण खरं म्हणजे वेळ वाईनला नाही, मला हवा होता. वाईन उष्णतेने मेली होती. बंद गाडीत विसरलेल्या किंवा बंदरावर तापत पडलेल्या बाटल्यांची असते तशी ती पार शिजली होती.

त्या दहा मिनिटांत सरांनी चहा घेतला. गार झालेला, साय धरलेला. मग खोलीकडे बघत म्हणाले, “इथे एकट्याच बसता?”

“हो.”

“घरी कोण?”

“कुणी नाही. आईवडील पिंपळगावला असतात.”

“वडील काय म्हणतात या कामाला?”

“वडील माळकरी आहेत. गावात सांगतात, पोरगी ज्यूसच्या कंपनीत आहे.”

सर पहिल्यांदा हसले. अगदी खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मी सांगायचो, मुलगा माती परीक्षणात आहे. चार वर्षं सांगितलं. स्टाफरूममध्ये एकाने विचारलं, कसली हो माती? मी म्हटलं, स्पेनची!”

मीही हसले. माझे वडील त्यानंतर सात वर्षं होते. दर दिवाळीला मी घरी जायचे, आणि दर वेळी मी केलेल्या वाईनची एक बाटली काढून ठेवायचे, निघताना पुन्हा कपाटात ठेवून द्यायचे. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी नेली नाही. दोघांनाही लाज वाटली, दुसरं काय.

दहा मिनिटं झाली. मी पुन्हा नाक घातलं. तेच. पुन्हा घोट घेतला. तेच. तिसरा घोट घेतला आणि डोळे मिटून तोंडात धरून ठेवला, आणि अगदी शेवटी, थुंकायच्या बेतात असताना, मूळची वाईन वर आली. शिजलेल्या लगद्याच्या खालून एक लांब, बारीक विणीचा तुरटपणा, जराही खरखरीत नाही. त्याच्यावर लवंग. मग जांभूळ. लाकूड कुठेही बोलघेवडं नाही, आपली जागा धरून उभं. हे पिंप ज्याने सांभाळलं त्याला घाई नव्हती आणि त्याला कुणाला दाखवायचंही नव्हतं. दोन सेकंद, फार तर तीन. मग पुन्हा जळका गूळ वर आला, आणि त्यानंतर सहा घोट घेतले तरी ती काही सापडली नाही.

त्या पोराच्या हाताची गोष्ट आता जगात फक्त मला माहीत होती. मला एकदम फार एकटं वाटलं.

“सर,” मी विचारलं, “ही बाटली कुठे ठेवली होती?”

“अगदी जपून!” ते लगेच म्हणाले. ह्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. “हिच्या लोखंडी कपाटात. ही म्हणजे श्रीरंगची आई. पैठणी, शालू होते ना, त्यांच्यात उभी करून. आणि दर वैशाखात ऊन दाखवायची.”

“ऊन?”

“हो मग! लोणच्याला, पापडांना, रेशमी साड्यांना दाखवतात तसं. कुबट वास लागू नये म्हणून. आठ दिवस गच्चीवर, सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. पांढरं फडकं बांधून. तिच्या पायांना जिना झेपेना तेव्हा मी नेत होतो, ती खालून विचारायची, उन्हातच ठेवलीत ना? सावली येईल हो तिथे. ही जाऊन दोन वर्षं झाली. पण मी ऊन चुकवलं नाही. यंदाही दाखवलं.”

संगमनेरचं वैशाखातलं ऊन. दहा वर्षं. वाईनला हवा असतो गारवा, अंधार, आणि आडवं निजणं, बूच ओलं राहावं म्हणून. त्या माउलीने बरोबर याच्या उलट सगळं केलं होतं. जेवढं जपता येईल तेवढं जपून केलं होतं.

आता मी काय सांगू? वाईन वाईट आहे एवढंच सांगितलं, तर पोरगा नापास. बाप संगमनेरला जाऊन उरलेलं आयुष्य बरोबर ठरून काढणार. आणि का वाईट आहे हे सांगितलं, तर पोराच्या हातची एकुलती एक गोष्ट आईने आणि बापाने मिळून गच्चीवर नेऊन मारली, हे सांगावं लागणार. आई तर जाब द्यायलाही नव्हती. मी टेबलावरचा चाखणीचा तक्ता ओढला. शंभर मार्कांचा असतो. मी भराभर आकडे भरले आणि तक्ता सरांपुढे सरकवला.

“साठ,” मी म्हटलं. “चांगली होती सर. अगदी असामान्य नाही, पण चांगली. फर्स्ट क्लास.”

सरांनी चष्मा पुसला. तक्ता हातात घेतला आणि बेरीज बघायच्या ऐवजी रकाने बघायला लागले. वरून खाली. मग खालून वर. मी खिडकीबाहेर बघत होते.

“रंगाला पंधरापैकी चार,” ते हळूच म्हणाले. “वासाला तीसपैकी आठ. आणि चवीला एकदम चाळीसपैकी चौतीस? एकूण परिणामाला पंधरापैकी चौदा?”

मी तक्ता परत घ्यायला हात पुढे केला.

“तुम्ही आधी साठ ठरवलेत. मग खालून वर भरत गेलात.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “अहो, असे पेपर मी अकरा वर्षं परत पाठवलेत. ओढून आणलेला पेपर मला लांबून दिसतो. काय लपवताय बाई? एवढा वाईट होता का तो?”

“नाही!” मी जवळजवळ ओरडलेच. “नाही हो सर. तो वाईट नव्हता. तो...” आणि मग मला थांबताच आलं नाही. ऊन, उष्णता, उभी बाटली, सुकलेलं बूच, सगळं सांगितलं. ओघळ दाखवला. मध्ये एकदा त्यांनी हात वर केला, मला वाटलं थांबा म्हणतायत, पण त्यांनी नुसता चष्मा काढला.

“म्हणजे आम्ही,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“पोराने पेपर लिहून हातात दिला आणि आम्ही तो...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. बाटलीवरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग परीक्षकाच्या आवाजात विचारलं, “खराब झालेल्यात तुम्हाला कळलं कसं, की आधी चांगली होती म्हणून? अंदाज?”

“अंदाज नाही. तिसऱ्या घोटाला सापडली. दोन-तीन सेकंदच. पण खोटी नव्हती सर. एवढा समजूतदार हात मी इथल्या कुणाचा पाहिलेला नाही. माझासुद्धा नाही.”

“दोन-तीन सेकंद.”

“हो.”

“किती दिले असतेत? बाटली सावलीत ठेवली असती तर?”

खूप मोठा आकडा जिभेवर आला होता. पण त्या माणसासमोर तो मला उच्चारता येईना. “नाही सांगता येणार सर. तेवढं उरलं नाही आता बाटलीत.”

त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी माझं बाकीचं सगळं खरं धरलं. तक्ता त्यांनी चार घड्या घालून केराच्या टोपलीत टाकला. मग म्हणाले, “मला देता का थोडी?”

“सर, ती चांगली लागणार नाही.”

“द्या.”

आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. ग्लास कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं, पेल्यासारखा दोन्ही हातांत धरला. मी पिकदाणी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं झालं. दुसरा घेतला. तिसरा घेतला आणि डोळे मिटून बसून राहिले. माझ्यासारखे. बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज येऊन गेला, आणि ते तसेच बसलेले.

मग डोळे उघडले.

“आंबट आहे,” म्हणाले. “आणि कडू. बास. एवढंच कळतंय मला.” त्यांनी ग्लास ठेवला. “तुम्हाला भेटला तो. मला नाही भेटला.”

मी नुसती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्या खोलीत इतकी वर्षं होते, तिथे कुणाच्या इतकं जवळ कधी उभी राहिले नव्हते. त्यांच्या शर्टाला निळीचा आणि खोबरेलाचा वास येत होता. खोबरेल चालत नाही, हे मला आठवलंसुद्धा नाही.

गेटपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. दुपारचे बारा वाजत आले होते. फाट्यावरून रिक्षा मिळेल म्हणून सांगितलं, तर म्हणाले चालत जातो. चार पावलं जाऊन ते वळले.

“हिच्या फोटोशी रोज बोलतो मी,” ते म्हणाले. “दिवसभराचं सगळं सांगतो, काही ठेवत नाही. पण उन्हाचं नाही सांगणार. पोरगा पास झाला, एवढंच सांगतो.”

“सांगा सर,” मी म्हटलं.

ते फाट्याच्या दिशेने चालायला लागले.